सहा ते सात

३ मार्च, सोमवार

ठरलं. आजपासून रोज संध्याकाळी सहा ते सात घरात कुणी बोलायचं नाही. कुणी म्हणजे यांनी. मी तशीही कुठे बोलते!

दिवसभर दवाखान्यात लोकांचे कान तपासायचे. हेडफोन घालून माणसाला त्या बंद खोलीत बसवायचं — आम्ही तिला पेटी म्हणतो — आणि काचेच्या अलीकडून मशीनवर बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, माझ्याकडे दिवा लागतो. पेटीतून बाहेर आला की तोच माणूस माझ्याशी ओरडून बोलतो. त्याला वाटतं, सगळं जगच बहिरं. अशी तीस वर्षं. आणि घरी आलं की हे! निवृत्त बस कंडक्टर. चौतीस वर्षं थांबे पुकारले, आता घरात पुकारतात. दूध आलं. पाणी गेलं. समोरच्यांचं मांजर आलं. लेक यांना रेडिओ म्हणते. पण रेडिओचा निदान कान पिळता येतो.

मी म्हटलं, मला एक तास शांतता हवी. डोक्यातसुद्धा. नाहीतर वेड लागेल. लगेच कबूल झाले — एका तासात माझी काही गाडी चुकत नाही म्हणे! मग नियम केले. बाल्कनीतल्या खुर्चीत मी. शेजारच्या स्टुलावर स्वयंपाकघरातला टायमर. काही सांगायचंच असेल तर चिठ्ठी लिहायची, टायमरखाली ठेवायची, मी सातनंतर वाचीन. घर पडलं तरी सातनंतर.

"घर पडल्यावर टायमर कुठे शोधू?" हे म्हणाले.

४ मार्च

सहा वाजून चार मिनिटं — "अगं, टायमर लावलास का?"

६ मार्च, गुरुवार

आज तासभर तोंड उघडलं नाही. पण चिठ्ठ्या पाच! दवाखान्यातून मी जुने फॉर्म आणते, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहितात. वर तारीख आणि वेळ, मिनिटासकट. कंडक्टरची सवय जात नाही. "६.०७ — मांजराने आपल्या कुंडीत कार्यक्रम उरकला." "६.२० — अजून चाळीस मिनिटं? टायमर तपासून घे." हसू आलं. हसले की शांतता गेलीच.

जेवताना मीच दवाखान्यातला किस्सा सांगितला. एक म्हातारे गृहस्थ आज चक्क फसवत होते. बटण बरोबर वेळेवर दाबायचे, पण आवाज ऐकून दाबत नव्हते. मशीनची कळ दाबताना माझा उजवा खांदा किंचित हलतो, तो काचेतून बघून! बहिरे ठरू नये म्हणून माणसं काय काय करतात. हे खूप हसले. म्हणाले, बसमधले फुकटे असेच, सगळं लक्ष माझ्या पायांकडे — मी पुढे सरकलो की ते मागे. मग त्यावर चार किस्से. जेवण गार.

८ मार्च, शनिवार

चिठ्ठ्या वाचणं आजपासून बंद. वाचणं म्हणजेही ऐकणंच. सातला वाचायच्या म्हटलं तरी तासभर मन वाट बघत राहतं, आज काय लिहिलं असेल! आता न वाचताच बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकते. यांना सांगितलं नाही. उगाच हिरमुसतील. लिहू देत. मुलाच्या हातात खडू दिला की घर गप्प राहतं, तसं.

आज चार मिनिटं मिळाली. खरी. खाली कुणीतरी जिना झाडत होतं. झाडूचा आवाज आला आणि गेला, मी त्याच्यामागे गेले नाही. कुणी झाडतंय, आज उशीर का, आपल्या मजल्यावर येणार की नाही — काही नाही. नुसता झाडू.

मग आठवलं की डाळ भिजवायची राहिली. संपलं.

१२ मार्च, बुधवार

आज मिळाली!

नीट लिहून ठेवते. सुरुवातीची दहा मिनिटं नेहमीसारखी. रजेचा अर्ज, लेकीचा फोन, गुडघा. तेवढ्यात हे दारात येऊन उभे राहिले. तोंड उघडलं. मी बोट वर केलं — सातनंतर. डोकं खाजवत आत गेले. जरा वेळाने आले, चिठ्ठी टायमरखाली सरकवली, थोडे रेंगाळले आणि गेले. मी ती डब्यात टाकून डोळे मिटले.

आणि मग काय झालं, सांगता येत नाही. आवाज सगळे होते. नळ, पायऱ्या, कुणाचा तरी खोकला. पण प्रत्येकाच्या आजूबाजूला मोकळी जागा होती, आणि मी त्या जागेत बसले होते. गुडघा दुखत होता, तोही कुणा दुसऱ्याचा असावा तसा. टायमर वाजला तर दचकलेसुद्धा नाही. गाल ओले होते. एवढ्या वर्षांत मला कुणी काही दिलं नाही असं नाही, पण हे मी स्वतः मिळवलं.

जेवायला बसल्यावर हे माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हणाले, "मग, काळजीचं काही नाही ना?"

मला हसूच आलं. म्हटलं, "कसली काळजी! इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं."

यांचा चेहरा एकदम सैल झाला. दोनदा वाढून घेतलं.

१३ मार्च

आज एकही चिठ्ठी नाही. वळण लागलं म्हणायचं!

१७ मार्च, सोमवार

एक शिंपी आला होता. पन्नाशीचा. सकाळी उठला तर एक कान बंद. कधी? दीड महिन्यापूर्वी! मळ असेल म्हणून तेल घालत बसला. मी चांगलाच झापला. भिंतीवर माझ्याच हाताने लिहिलेला फलक आहे — एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं तर त्याच दिवशी या. पहिल्या आठ-दहा दिवसांत औषध पडलं तर आशा असते. पुढे सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

बायको सोबत होती, तिलाही सोडलं नाही. "एका घरात राहता ना? तुमच्या लक्षात कसं आलं नाही?" बिचारी पिशवीचा बंद पिळत बसली. संध्याकाळी तासात तिचा चेहरा दोनदा आला. घालवला. जमतं आता मला घालवणं.

२२ मार्च, शनिवार

हल्ली यांचं काहीतरीच चाललंय. पलंगावरची बाजू बदलली. खिडकीतून वारा लागतो म्हणे. जेवायची खुर्ची बदलली. फिरायला निघालो की मुद्दाम माझ्या डाव्या हाताला येतात. इतकी वर्षं उजव्या हाताला चालले, आता माझ्या पायात येतात. म्हातारपणी माणूस हट्टी होतो, दुसरं काय.

पण एक बरं. दिवसभराची बडबडही निम्मी झाली. टीव्हीसमोर बसतात तर नुसती चित्रं बघितल्यासारखे. मी काही बोलले की "हो हो" म्हणतात. वाद नाही, फाटा नाही. माझी शांतता यांनाही लागली बहुतेक. दवाखान्यात सिस्टरला सांगितलं तर ती म्हणाली, आमच्या घरी पाठवा हो तो टायमर.

२३ मार्च, रविवार

लेक येऊन गेली. भांडी विसळताना म्हणाली, बाबांना काय झालंय? बस चुकीच्या आगारात नेल्याचा तो किस्सा सांगा म्हटलं तर "परत कधीतरी" म्हणाले. बाबा! परत कधीतरी!

मी म्हटलं, वय झालं, शहाणे झाले.

"आई, तू त्यांना कधी उत्तर द्यायचीस का गं? मला आठवत नाही."

राग आला. दिवसभर राबून आलेल्या बाईने उत्तरंही द्यायची? तसं बोललेसुद्धा. निघताना बापाच्या गळ्यात पडून कानात काहीतरी पुटपुटली. हे नुसते हसले. तिने परत विचारलं, हे परत हसले. मला वाटलं, बापलेकीचं काहीतरी गुपित असेल.

आज तास फुकट गेला.

२९ मार्च

फिरताना मागून सायकल आली. घंटी तीनदा वाजली, हे जागचे हलले नाहीत. मी दंड धरून ओढलं. लक्ष कुठे असतं म्हणून ओरडले. "आमच्या बसला सायकलीच बाजू द्यायच्या," हे म्हणाले.

३ एप्रिल, गुरुवार

लिहायला नको वाटतंय. तरी लिहिते.

सकाळी डबा घरी विसरले. अकराला हे घेऊन आले. नवे हेडफोन आले होते, कुणातरी धड कानाच्या माणसावर तपासून बघायचे होते. सिस्टर म्हणाली, आपले साहेबच बसतील की पेटीत. हे नको नको म्हणत होते. मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम, बसा मुकाट्याने.

उजवा कान झाला. वयाच्या मानाने छान. मग डावा. प्रत्येक आवाजाला दिवा. आवाज बारीक केला, तरी दिवा. आणखी बारीक, तरी दिवा. साठी ओलांडलेल्या माणसाला हे ऐकू यायला नको! मला वाटलं, हेडफोन बिघडलेले आहेत. पाठवणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या. वर बघितलं. काचेपलीकडे हे बसलेले, डोळे माझ्यावर. तोंडावर नाही. जरा बाजूला, खाली.

मी मशीनचा आवाज बंद केला. नुसता खांदा हलवला.

दिवा लागला.

किती वेळ गेला माहीत नाही. सिस्टर काहीतरी विचारत होती. मी खुर्ची फिरवली, पेटीकडे पाठ केली, धड कानात नुसती खरखर सोडली आणि डाव्याची पुन्हा सुरुवात केली. चाळीस. साठ. ऐंशी. मशीनवरचा दिवा मेलेला. ऐंशी म्हणजे रस्त्यावरचा ट्रक! मागे वळून बघितलं तर हे मान खाली घालून हातातल्या बटणाकडे बघत होते.

आमच्यात उजव्या कानाला लाल गोल काढतात आणि डाव्याला निळी फुली. निळ्या फुल्या सगळ्या कागदाच्या तळाशी गेल्या. हजारो कागद भरले असतील मी. या कागदावर वर यांचं नाव लिहिलं.

डॉक्टरांनी यांना विचारलं, कधीपासून? महिना होत आला, म्हणाले. कानात आवाज येतो? "शिट्टी वाजते. सारखी. पण गाडी काही सुटत नाही." डॉक्टर हसले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, गोळ्या देऊन बघू, पण तुम्हाला मी काय सांगणार.

मी सगळ्यांसमोर ओरडले, "मला सांगितलं का नाहीत? मला?"

हे माझ्याकडे बघतच राहिले. काहीतरी हिशेब जुळत नसावा तसे. मग हळूच म्हणाले, "राहून गेलं."

बाहेर येताना भिंतीवरचा फलक दिसला. माझं अक्षर चांगलं आहे. लांबून वाचता येतं.

४ एप्रिल

रजा काढली. विचार विचार विचारलं. शेवटी कबूल केलं. ज्या दिवशी दारात येऊन उभे राहिले आणि मी बोट वर केलं, त्याच दिवशी. दुपारी झोपून उठले तर कान बंद. म्हणजे डोकं खाजवत नव्हते! कानाला हात लावला होता. तीस वर्षं माणसांचे हात कानाकडे जाताना बघते मी. रांगेत बसलेल्याचा कुठला कान दुखतोय, नाव विचारायच्या आधी सांगते. आणि घरात मला डोकं खाजवताना दिसलं.

बावीस दिवस. मी मोजले.

पेटीत फसवलंत का म्हणून विचारलं. म्हणाले, सिस्टरसमोर तुझी शोभा नको. कानवाल्या बाईंचा नवरा बहिरा! सातनंतर तरी सांगायचं होतंत, म्हटलं, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. त्यावर चहा ठेवायला उठले. पलंगाची बाजू, खुर्ची, रस्ता — माझा आवाज चांगल्या कानाकडे यावा म्हणून. आणि मी हट्टी म्हणाले.

संध्याकाळी मला हसवायला गेले. "एक बरं झालं. आता या कानाने ऐकलेलं त्या कानाने सोडून देता येणार नाही." मी रडायला लागले तर घाबरले.

मागची पानं उघडून बघायची हिंमत होत नाही.

६ एप्रिल, रविवार

तास बंद. टायमर स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. सहा वाजता खुर्ची यांच्या उजव्या बाजूला ओढली आणि म्हटलं, आता तुम्ही बोला, मी ऐकते. रोज. मांजराचंसुद्धा सांगा.

बोलायला बसले खरे. दोन-तीन मिनिटं. मग थांबले. "असं समोर बसून कुणी ऐकायला लागलं की सुचत नाही गं." पूर्वी सुचायचं! मी भाजी चिरत असायची, पाठ करून असायची, तेव्हा सुचायचं. म्हणजे तेव्हाही मी ऐकत नव्हते हे यांना माहीत होतं. तरी बोलायचे. घरात कुणीतरी बोलायला हवं म्हणून.

त्याआधी दुपारी हे बिस्किटांचा डबा घेऊन कचऱ्याच्या बादलीपाशी उभे दिसले. रद्दी आहे, टाकतो, म्हणाले. मी हातातून काढून घेतला. म्हटलं, एकही टाकायची नाही. न वाचता ठेवल्या होत्या मी, आता सगळ्या वाचणार आहे. रोज थोड्या, तारखेप्रमाणे. "जुनी बडबड ती. सोड ना," म्हणाले. मी डबा माझ्या कपाटात ठेवला. मागेमागे कपाटापर्यंत आले आणि परत गेले.

७ एप्रिल

आठ आणि नऊ मार्चच्या वाचल्या. अकरा चिठ्ठ्या. एकीवर लिहिलंय — "६.३१ — झोपल्यासारखी दिसतेस. झोपली नाहीयेस. छान दिसतेस." नऊ मार्चला मी काय करत होते? शांतता शोधत होते.

९ एप्रिल, बुधवार

फेरतपासणी. मला जमेना म्हणून सिस्टरने दुसऱ्या दवाखान्यातल्या बाईंना बोलावलं. मी बाहेर बाकावर बसले, रांगेतल्या बायकांमध्ये. त्या बाईंनी कागद माझ्या हातात दिला आणि खांद्यावर हात ठेवला. फुल्या तिथेच.

सगळे गेल्यावर पाच मिनिटं पेटीत जाऊन बसले. दार लावून. पूर्वी दुपारच्या सुट्टीत बसायची कधीकधी, इतकी शांत जागा गावात नाही म्हणून. आज बसवेना. बाहेरचं सगळं बंद झालं की आतलं सुरू होतं. शिंप्याच्या बायकोला विचारलेला प्रश्न माझ्याच आवाजात, पुन्हा पुन्हा. एका घरात राहता ना?

१० एप्रिल

दहा मार्चच्या वाचल्या. दोनच. दोन्ही मांजराच्या.

आज फिरताना मीच यांच्या उजव्या हाताला गेले. यांनी हात धरला.

१२ एप्रिल, शनिवार

आज पुढच्या. अकराची एकच होती, लेकीच्या फोनची. तिच्याखाली बाराची.

"१२ मार्च, ६.१४ — डाव्या कानाला दुपारपासून काही ऐकू येत नाही. शिट्टी वाजतेय. तुझा तास मोडत नाही. काळजीचं असेल तर सातनंतर सांग, आपण जाऊ. नसेल तर राहू दे."

बारा मार्चचं पान उघडलं. सातनंतर यांनी मला काय विचारलं आणि मी काय सांगितलं, सगळं माझ्याच अक्षरात आहे.